झाडात रुतलेला खिळा



उमरीहून नांदेडकडे जा नाही तर धर्माबादकडे, रस्त्याकडेच्या जुन्या लिंबाजवळ, चिंचेजवळ क्षणभर थांबून बुंधा नीट पाहा. कुठे एखाद्या शिकवणी वर्गाची पाटी ठोकलेली असते. कुठे होऊन गेलेल्या निवडणुकीच्या फलकाचा कोपरा उरलेला असतो, तर कुठे नुसतेच गंजलेले खिळे. शेतात गेलात तर बांधावरच्या बाभळीला काटेरी तार मारलेली दिसते. खांब रोवायचा खर्च वाचावा म्हणून झाडालाच खांब केलेले असते. बैल बांधायची साखळी असते, कपडे वाळत घालायची तार असते, गुरांपासून रोप राखायला लावलेली आणि पुढे काढायची राहून गेलेली लोखंडी जाळी असते. बाधा 'खिळून टाकण्यासाठी' म्हणून एखाद्या म्हाताऱ्या झाडात कोणी खिळा मारलेला असतो. वर्षे जातात, झाड वाढत राहते. मग एक दिवस लक्षात येते की तार आता झाडावर राहिलेली नाही, ती झाडाच्या आत गेली आहे. एका बाजूने आत शिरते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते आणि मध्ये सगळे लाकूडच लाकूड.

या लोखंडाचे काय करायचे? काढायचे की राहू द्यायचे? प्रश्न शेतकऱ्याचा आहे, सुताराचा आहे. पण थोडा विचार केला की तो आपल्या घरात येऊन बसतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या आत, कुटुंबात, गावात असा कोणी कधी तरी मारलेला खिळा आहे. वीस वर्षे झाली, चाळीस वर्षे झाली. वरून साल धरली आहे. त्याचे काय करायचे, हा आजचा आपला प्रश्न.

कुंपण आणि झाड

प्रवचनातून आणि शाळेच्या परिपाठातून एक गोष्ट आपण पुष्कळदा ऐकली आहे. रागीट मुलाला वडील सांगतात, राग आला की कुंपणाच्या लाकडात एक खिळा ठोक. पुढे सांगतात, राग आवरलास त्या दिवशी एक खिळा काढ. सगळे खिळे निघतात तेव्हा वडील त्याला कुंपणाजवळ नेतात आणि उरलेली भोके दाखवतात. गोष्ट चांगली आहे आणि लहान मुलांना पटकन समजते.

पण कुंपणाचे लाकूड मेलेले असते. त्यातले भोक आहे तेवढेच राहते. लाकडाला त्याचे काही करता येत नाही. माणूस मात्र जिवंत असतो. त्याला लागलेला घाव तसाच उघडा राहत नाही, त्याच्याभोवती माणूस वाढत जातो. म्हणून कुंपणापेक्षा उभ्या झाडाकडून आपल्याला जास्त शिकता येईल.

झाड घावाचे काय करते?

झाडाची उंची वाढते ती शेंड्याला. बुंध्यावर माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर मारलेला खिळा चाळीस वर्षांनीही तेवढ्याच उंचीवर सापडतो. झाड त्याला वर उचलून नेत नाही. बुंधा वाढतो तो जाडीने. सालीच्या आत एक अगदी पातळ जिवंत थर असतो. शास्त्रज्ञ त्याला कॅम्बियम म्हणतात. हा थर आतल्या बाजूला नवे लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला नवी साल. त्यामुळे खिळा जागचा हलत नाही. लाकूडच दरवर्षी थोडे थोडे पुढे सरकते आणि शेवटी त्याला झाकून टाकते.

आता मुख्य गोष्ट. आपल्या हाताला कापले तर काही दिवसांत तिथे नवी कातडी येते. झाडाचे तसे होत नाही. एकदा जखमी झालेले लाकूड पुन्हा कधीच नवे होत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी असंख्य झाडे उभी चिरून आतल्या जुन्या जखमा पाहिल्या आणि १९७७ साली सहकाऱ्याबरोबर आपले निष्कर्ष सोप्या भाषेत प्रसिद्ध केले. त्यांचे सांगणे असे की झाड जखम भरून काढत नाही, जखमेला कोंडून टाकते. कुजण्याची क्रिया वर-खाली, आत आणि बाजूंना पसरू नये म्हणून झाड तिच्याभोवती अडसर उभे करते. यातला सर्वांत भक्कम अडसर असतो घावाच्या वेळचे लाकूड आणि घावानंतर वाढलेले लाकूड यांच्यामध्ये. घावाच्या आधीचे सगळे एका बाजूला, घावानंतरचे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये भिंत.

ही भिंत कुजणे अडवते म्हणून झाड जगते. पण तिथेच लाकडाची एकमेकांवरची पकड कमजोर असते. पुढे कधी वादळात ताण पडला किंवा झाड तोडून लाकूड वाळायला ठेवले, की ते याच रेषेवर गोलाकार तडकू शकते.

आपण सहज म्हणतो, काळ हे सगळ्यावर औषध आहे. झाडाकडे पाहून असे म्हणता येत नाही. काळ झाकतो. झाकल्याने जगता येते, ही काही लहान गोष्ट नाही. पण झाकले म्हणजे बरे झाले असे नाही.

तीन खिळे, तीन वागणुकी

दुसरे एक सांगणे याच्या उलट असते. मनात काही ठेवू नये, सगळे उकरून काढावे, एकदाचे स्वच्छ करावे. झाडांच्या बाबतीत माणसाने हेही करून पाहिले आहे. पूर्वी झाडाच्या ढोलीतले कुजलेले लाकूड खरवडून चांगल्या लाकडापर्यंत जायचे आणि मग त्यात सिमेंट भरायचे, अशी रीत होती. हेतू चांगलाच होता. पण खरवडताना झाडाने कष्टाने बांधलेली भिंत फुटे आणि कूज नव्या लाकडात शिरे. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्यानेही कूज थांबत नाही, असे पुढे दिसून आले. आज जाणकार असे काही करत नाहीत. खिळा कोणत्या अवस्थेत आहे ते ते आधी पाहतात.

खिळा ताजा असेल, डोके बाहेर असेल, तर तो लगेच काढावा. बुंध्याला लाकडाचा एक तुकडा टेकवावा, म्हणजे साल चेंगरत नाही. मग जंबुराने सरळ ओढून घ्यावा. पुण्यात 'अंघोळीची गोळी' असे गमतीदार नाव असलेली एक संस्था आहे. पाणी वाचवण्यासाठी अधूनमधून अंघोळीला सुट्टी द्या, हे सांगता सांगता तिचे हे नाव पडले. या संस्थेच्या तरुणांनी २०१८ पासून 'खिळेमुक्त झाडं' ही मोहीम चालवली. सुट्टीच्या दिवशी हातोडी-पकड घेऊन रस्त्यावर उतरायचे आणि झाडांचे खिळे उपसायचे. पुढे इतर शहरांतही लोकांनी ते काम उचलले. त्याआधी २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांवरच्या पाट्या, फलक, तारा काढण्याचा आणि झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. आपल्या राज्यातही नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ पासून कायदा आहे.

माणसांचेही असेच आहे. काल बोललेला कडवट शब्द आज मागे घेता येतो. आज संध्याकाळी शेजाऱ्याच्या दारात जाऊन, "भाऊ, माझं चुकलं" म्हणता येते. हेच सहा महिन्यांनी म्हणायचे ठरवले तर तोवर साल पुढे आलेली असते.

तार बुंध्याभोवती गुंडाळलेली असेल तर गोष्ट वेगळी. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जाते. वाढत्या बुंध्याला तार आवळू लागली की ही वाट बंद होत जाते. तारेच्या वर फुगवटा येतो आणि खाली मुळे उपाशी राहू लागतात. वरून झाड हिरवे दिसते. अशी तार मिळेल तिथे तोडायची. जेवढे तुकडे सहज सुटतील तेवढे काढायचे. रुतलेल्या तुकड्यांसाठी साल फाडत बसायचे नाही. फास सुटणे महत्त्वाचे.

घरात असे फास असतात. सासूने पहिल्या वर्षी मारलेला टोमणा हा खिळा. पण रोज नव्याने मारला जाणारा टोमणा ही तार. एकदा उसने घेतलेले पैसे बुडवले, हा खिळा. पण घेतलेल्या उचलीपायी एखादे कुटुंब वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शेतात राबत असेल, तर ती तार आहे. अशा ठिकाणी 'आता जुने झाले, सहन करा, क्षमा करा' असा उपदेश करणे पाप आहे. तिथे आधी तार तोडावी लागते. क्षमेचे बोलणे त्यानंतरचे.

तिसरी अवस्था म्हणजे झाडाने पूर्ण गिळलेला खिळा. तो शोधायला पहार आणि पटाशी घेऊन बसू नये. त्याने केले तेवढे नुकसान झाले. काढायला गेलो तर त्याहून मोठी जखम होईल. तो राहू द्यावा.

राहू द्या, हे कोणी म्हणायचे?

इथे प्रश्न अवघड होतो. खिळा आता आत गेला आहे, उकरू नका, हे कोणी ठरवायचे?

मराठवाड्यापुढे हा प्रश्न उभा राहिला आहे. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात, आपल्या नांदेड जिल्ह्यातही, दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कित्येकांना गाव सोडावे लागले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. आज आपली मुले पदवीच्या कागदावर ही नावे वाचतात. त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असते की त्या एका नावासाठी कोणाचे घर जळाले होते? वरून साल धरली आहे.

"जुने उकरू नका" हे वाक्य आपण अशा वेळी हमखास ऐकतो. ज्याचे घर जळाले त्या म्हाताऱ्याने ते म्हटले तर त्याच्यापुढे मान लववावी. घर जळताना जो आपल्या दारात उभा राहून पाहत होता त्याने तेच वाक्य म्हटले, तर ती नुसती सोय आहे. शब्द तेच आहेत, पण बोलणारा बदलला की त्यांचे मोल बदलते. खिळा राहू द्यायचा की नाही, हे झाडाने सांगायचे असते. हातोडीला तो अधिकार नाही.

योहानच्या शुभवर्तमानात पुनरुत्थानानंतरचा प्रसंग आहे. संत थॉमसला खिळ्यांच्या खुणा पाहायच्या होत्या, त्यात बोट घालून खात्री करायची होती. आठ दिवसांनी प्रभू येतो. मृत्यूवर विजय मिळवलेल्या त्याच्या देहावर जखमांच्या खुणा तशाच आहेत. नव्या देहात त्या पुसून टाकणे त्याला अशक्य होते काय? पण त्याने त्या ठेवल्या. संत ऑगस्टिननेही लिहून ठेवले आहे की स्वर्गात हुतात्म्यांच्या देहावरचे व्रण दिसत राहतील आणि ते व्यंग वाटणार नाही, तो त्यांचा मान असेल.

या प्रसंगातली एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. थॉमसने जबरदस्तीने हात पुढे केला नाही. ज्याला जखमा झाल्या त्यानेच स्वतःहून जवळ बोलावले आणि हात पुढे कर म्हणून सांगितले. दुसऱ्याच्या जखमेला हात लावण्याचा अधिकार असाच मिळतो, जखमी माणसाने बोलावल्यावर. आपल्याला मोकळे वाटावे म्हणून दुसऱ्याची जुनी जखम उघडायला लावणारी माफी ही आणखी एक इजाच असते.

पण सुताराला सांगा

राहू दिलेला खिळा आणि लपवलेला खिळा यांत मात्र फरक आहे.

झाड कधी तरी पडते, तोडले जाते आणि सॉ मिलवर जाते. पाते वेगाने फिरत असते. आत लोखंड आहे हे कोणालाच माहीत नसते. खिळा मारणारा केव्हाच निघून गेलेला असतो. पात्यासमोर उभा असतो कोणाचा तरी मुलगा, रोजंदारीवर आलेला. पाते खिळ्यावर आदळले तर दाते तुटतात, तुकडे उडतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या जंगलात १९४४ च्या हिवाळ्यात तोफगोळ्यांच्या चकत्या झाडांत घुसल्या. युद्ध संपले, झाडांनी चकत्या गिळल्या, आणि कित्येक वर्षांनीही अशा लाकडाला भाव कमी मिळत राहिला. जर्मन भाषेत या लाकडाला वेगळे नावच आहे. तोफ डागणारे आणि लाकूड कापणारे यांची कधी गाठ पडलेली नव्हती.

जाणता सुतार कापलेल्या लाकडावर निळसर-काळा डाग दिसला की थांबतो. बाभळीसारख्या झाडात कातडी कमवायला लागणारे टॅनिन असते. लोखंडाशी संयोग झाला की ते असे काळे पडते. जुन्या काळची शाई याच संयोगातून बनत असे. म्हणजे आतले लोखंड लाकडावर आपल्याच शाईने खूण करून ठेवते. ती वाचणारा मात्र हवा.

आपल्या भागात दोन भावांत बांधावरून वाद होतो, बोलणे बंद होते. भाऊ जातात. त्यांची मुले एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मयतीला जात नाहीत आणि का जात नाहीत ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. हा गिळलेला आणि न सांगितलेला खिळा. वडीलधाऱ्यांनी एवढे तरी करावे: राग वारशाने देऊ नये, पण माहिती द्यावी. "असं झालं होतं. आमचं हे चुकलं, त्यांचं ते चुकलं. तुम्ही यातून मोकळे आहात." एवढे बोलून ठेवले तर पुढच्या पिढीचे पाते त्यावर आदळत नाही. जे गावाने सोसले तेही मुलांना असेच सांगावे, सूड न शिकवता आणि काही न लपवता.

मुळाशी पाणी

मग ज्याने खिळा मारला त्याने काय करायचे? जखमी झाडाला मदत करायची असेल तर जाणकार जखमेला हात लावत नाहीत. ते मुळांकडे जातात. आवळलेले सिमेंट फोडतात, माती भुसभुशीत करतात, पाणी देतात, पालापाचोळ्याचे आच्छादन घालतात. अंगात जोम असलेले झाड घावावर लवकर लाकूड धरते. उपाशी, तहानलेल्या झाडाला ते जमत नाही. भरून काढणे झाडाचेच काम आहे. आपल्या हातात त्याला बळ देणे आहे.

जक्कय आठवा. प्रभूला पाहायला तोही झाडावरच चढला होता. खाली उतरल्यावर ज्यांना लुबाडले त्यांच्यापुढे रडत बसण्यापेक्षा त्याने चौपट परत करण्याचा आणि अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा शब्द दिला. तो मुळाशी पाणी घालायला निघाला. ज्या घराचे आपण नुकसान केले त्या घरातल्या मुलाची फी भरणे, मोजणी करून बांध सरळ करून देणे, जिथे आपल्या घरच्यांनी दुसऱ्याला दाराबाहेर बसवले तिथे त्याला आपल्या ताटाशेजारी बसवणे, ही सगळी मुळाशी घातलेली पाण्याची घागर आहे. त्यानंतर तो माणूस आपल्याला जवळ बोलावील किंवा बोलावणार नाही. तो त्याचा हक्क. पाणी घालणे थांबवू नये.

बंधु-भगिनींनो, या आठवड्यात दोन कामे करू या. घराच्या अंगणात, बांधावर, चर्चच्या किंवा शाळेच्या आवारात जे झाड असेल त्याचा बुंधा एकदा फिरून पाहू या. ताजा खिळा असेल तर काढू या, आवळणारी तार असेल तर तोडू या, गिळलेला खिळा असेल तर त्याला राहू देऊन बुडाशी दोन घागरी पाणी घालू या. मग घरी जेवायला बसल्यावर शांतपणे आठवू या की आपल्या हातून कोणाच्या आयुष्यात खिळा गेला आहे, आणि त्याच्या मुळाशी आपण शेवटचे पाणी कधी घातले होते.

प्रभूची शांती तुमच्या घरावर असो.